गाविलगडावरून उतरलेला शिपाई

युद्धावर कथा लिहू पाहणारा नवा लेखक बहुधा तोफेपासून प्रारंभ करतो. धुराचे लोट, घोड्यांचे खिंकाळणे, रक्ताने चिखल झालेली माती आणि या सर्वांच्या मधोमध उभा असलेला नायक एवढा देखावा पहिल्या पानावर उभारला, म्हणजे अर्धे काम झाले असा त्याचा समज असतो. आणि पुढल्या दहा पानांत नायक लढून थकला, की त्याच्याबरोबर लेखकही थकतो, व उरलेली कथा दोघेही कसेबसे ओढत नेतात. ‘युद्धाच्या विध्वंसातून एक शिपाई जिवंत राहिला’ हे वाक्य ऐकावयास कितीही हृदयद्रावक वाटले, तरी ती नुसती वार्ता आहे. कथेचे बीज त्यात अद्याप पडलेले नाही. ते पडते केव्हा, तर त्या शिपायाचे वाचणे कोणाला तरी अडचणीचे होते तेव्हा. कोणीतरी त्याला जाब विचारू लागते आणि तो जाब द्यावा तर एक नुकसान व न द्यावा तर दुसरे, अशा कात्रीत तो सापडतो तेव्हा. ही कात्री लेखकाने आपल्या मनाने घडविण्यापेक्षा इतिहासातूनच उचलावी, हे उत्तम. कारण इतिहास असल्या बाबतीत लेखकाहून पुष्कळच अधिक निर्दय असतो.

वरूड, मोर्शी, अचलपूर या पट्ट्यातील ज्या कोणाला अशी कथा लिहावयाची असेल, त्याने वॉटर्लू किंवा स्टालिनग्राड यांच्याकडे धाव घेण्यापूर्वी इ. स. १८०३ चे शेवटचे दोन महिने नीट वाचून काढावेत. यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ (१९२४) त्यासाठी पुरेसा दिवा आहे, आणि त्याच्या जोडीला काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर व इंग्रज सेनापतीचे खलिते ठेवले, की दोन्ही बाजूंचा उजेड पडतो. २३ सप्टेंबर रोजी असईच्या रणात शिंद्यांचा पराभव झाल्यावर युद्ध वऱ्हाडात शिरले. नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांची फौज त्यांचे बंधू मन्याबापू यांच्या हाताखाली होती, तिच्या सोबतीला शिंद्यांचे काही घोडदळ होते, आणि समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला ठाऊक झाला. आजच्या तेल्हारा तालुक्यातील अडगावच्या मैदानात २९ नोव्हेंबरच्या तिसऱ्या प्रहरानंतर लढाईला तोंड लागले. प्रारंभी भोसल्यांच्या तोफांच्या माऱ्याने असईत शौर्य गाजविलेल्या इंग्रजांच्या तीन पलटणी मागे फिरल्या होत्या, हे इंग्रजांनी स्वतःच नमूद केले आहे. परंतु वेलस्लीने त्या सावरल्या आणि सायंकाळपर्यंत भोसल्यांच्या अडतीस तोफा त्याच्या हाती पडल्या. इंग्रजांकडील मेलेल्या व जखमी झालेल्या माणसांची गणती साडेतीनशेच्या आसपास आहे व ती पलटणवार लिहून ठेवलेली आहे. भोसल्यांकडील माणसांचा आकडा मात्र जेत्यांच्या अंदाजानेच सांगितला जातो, आणि कथालेखकाने तो न वापरलेलाच बरा. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्यांची बेरीज तेवढी अचूक असावी, असा आग्रह धरण्यात काही हशील नाही.

अडगावाहून जे कवायती पायदळ निसटले, त्यापैकी बरेच गाविलगडाच्या आश्रयास गेले. चिखलदऱ्याच्या शेजारचा हा डोंगरी किल्ला बहामनी सुलतान अहमदशाह वली याच्या काळापासून वऱ्हाडची किल्ली मानला जात असे. दक्षिणेकडे सरळ तुटलेला कडा, त्या बाजूस तोंड करून आतला किल्ला. उत्तर व वायव्य दिशांना त्याला कवटाळणारा बाहेरचा किल्ला. आणि उत्तरेकडून येणारी वाट अडविणारी तिसरी भिंत, अशी त्याची रचना. वेलस्ली दक्षिणेस पायथ्याशी देवगावापाशी राहिला, आणि कर्नल स्टीव्हन्सनने ७ ते १२ डिसेंबर या पाच-सहा दिवसांत सुमारे तीस मैलांची डोंगरवाट स्वतः फोडीत जड तोफा उत्तरेच्या अंगाला चढविल्या. १५ डिसेंबरला खिंडारातून हल्ला झाला. किल्लेदार बेनीसिंग हा राजपूत दरवाज्यापाशी लढता लढता पडला. बाहेरचा किल्ला गेला तशी शिबंदीची माणसे दक्षिणेच्या व वायव्येच्या दरवाज्यांकडे धावली, आणि तेथे इंग्रजांच्या तुकड्या आधीच येऊन उभ्या होत्या. सर्वांत अधिक कत्तल दरवाज्यांतच झाली, असे वेलस्लीचा खलिता सांगतो.

आता हे सगळे वाचून लेखकाच्या हाताला काय लागते? लढाई तर लागतेच. पण तीवर लिहावयाचे असेल तर एका इंग्रजाने ते काम केव्हाच केले आहे. बर्नार्ड कॉर्नवेल याच्या ‘शार्प्स फोर्ट्रेस’ (१९९९) या कादंबरीत गाविलगडच आहे, आणि आतल्या किल्ल्याची भिंत चढून दरवाजा उघडण्याचा पराक्रम त्याने आपल्या शार्प नावाच्या कल्पित नायकाच्या पदरात घातला आहे. वस्तुतः ती भिंत शिड्या लावून चढला ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल, आणि आपण त्याचे श्रेय उचलले, हे कॉर्नवेलने पुस्तकाच्या शेवटी मोकळेपणाने कबूल केले आहे. ऐतिहासिक कथेत एवढी चोरी क्षम्य आहे. परंतु ती कादंबरी चढणाऱ्याची आहे. आपल्याला हवा आहे तो उतरणारा.

तो उतरला कसा, या एकाच प्रश्नापाशी लेखकाने चार दिवस बसून राहावे, असे मी सांगेन. दरवाजे बंद, म्हणजे दरवाज्यातून निघून वाचलेला शिपाई दाखवावयाचा तर त्यासाठी काही खास कारण पाहिजे. प्रेतांच्या राशीत रात्रीपर्यंत पडून राहणे ही युक्ती जगातील इतक्या युद्धकथांत येऊन गेली आहे, की तिला आता झीज आली आहे. राहिला कडा. येथे पंचांग उपयोगी पडते. चंद्राच्या गतीचे गणित मागे नेऊन पाहिले, तर अडगावची लढाई पौर्णिमेच्या सुमारास येते, आणि इंग्रज घोडदळाने पळणाऱ्यांचा पाठलाग चांदण्यात केला, हे जे कागदपत्रांत सांगितले आहे, त्याच्याशी ते तंतोतंत जुळते. तेथून सोळा दिवसांनी गाविलगड पडला, म्हणजे ती रात्र अमावास्येच्या लगतची. ज्या शिपायाने पंधरवड्यापूर्वी पांढऱ्या कापसाच्या शेतांतून, पाठीमागे टापांचा आवाज घेऊन, आपल्याच सावलीला भीत पळ काढला होता, त्याला या वेळी काळोख मिळाला. कड्याची वेल हाताने चाचपीत, दगड निसटला तर श्वास रोखीत, बूट असलाच तर तो कमरेला बांधून तो उतरू शकतो. दोन रात्रींमधील हा भेद लेखकाला इतिहासाने फुकट दिलेला आहे. तो न वापरणे म्हणजे करंटेपणा.

खाली मेळघाटाचे रान आणि कोरकूंच्या वस्त्या. येथे घाईने चुका होतात. डिसेंबरात मोह फुललेला नसतो. तो फुलतो फाल्गुन-चैत्रात, तेव्हा कोरकू घरात शिपायाला मिळालाच तर मागल्या सालचा सुकवलेला मोह मिळेल, नाहीतर कुटकीची पेज. पुढे अचलपूर, चांदूर, मोर्शी असे करीत वरूडपर्यंतचा पल्ला शंभर किलोमीटरच्या घरात. जखमी माणसाला, तोही सरळ रस्ता टाळून, आठ-दहा दिवस सहज लागावेत. वाटेवर देवगावचा इंग्रजी तळ आहे आणि अचलपुरात निजामाचा नवाब आहे, जो इंग्रजांच्या बाजूचा. आणि वरूडच्या शिवारात पोहोचताच लेखकाच्या लेखणीतून संत्र्याची बाग आपसूक उतरेल, ती त्याने खोडून टाकावी. आज चुडामण नदीच्या दोन्ही तीरांना, जरूड, बेनोडा, शेंदुरजना घाटापर्यंत, आंबिया बहाराचा आणि मृग बहाराचा विषय निघाल्याशिवाय दोन माणसांचे बोलणे पुरे होत नाही. पण १८०३ साली येथे ज्वारी, तूर व कपाशी होती, तीही त्या वर्षी किती जागेवर राहिली असेल, ते देवच जाणे. १८०३-०४ हे दख्खनमध्ये दुष्काळाचे वर्ष आहे, आणि दोन फौजा, त्यांच्या मागचे बुणगे व त्यांच्या मागचे पेंढारी ज्या मुलखातून जातात, तेथे कडब्याची पेंडीसुद्धा शिल्लक राहत नाही. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण त्या हिवाळ्यात कोणी उच्चारली असती, तर ऐकणाऱ्याने त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले असते.

परंतु या सर्व तपशिलाहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. गड पडल्यानंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगाव येथे तह झाला. त्या तहान्वये भोसल्यांनी पूर्वेकडे कटक प्रांत इंग्रजांना दिला आणि पश्चिमेकडे वर्धा नदीच्या अलीकडील वऱ्हाडवरचा आपला सर्व हक्क सोडला. तो मुलूख निजामाकडे गेला. मात्र गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले, भोवतालच्या चार लक्ष उत्पन्नाच्या महालांसह, भोसल्यांकडेच राहिले. म्हणजे ज्या गडासाठी शेकडो माणसे दरवाज्यांत मेली, तो गड पुन्हा धन्याच्या पदरी पडला. आणि ज्या सपाटीवर त्या आठवड्यात कोणी तलवार उपसली नव्हती, ती सपाटी हातची गेली. वरूड वर्धेच्या पश्चिमेस. आपला शिपाई गडावरून उतरला तेव्हा तो भोसल्यांच्या चाकरीतील, भोसल्यांचा अंमल असलेल्या परगण्यातील मनुष्य होता. घरी पोहोचतो तो गाव निजामाचे झालेले. वास्तविक त्यापूर्वीही वऱ्हाडात निजाम व भोसले यांची दोअमली होतीच, आणि दोन धन्यांच्या दोन कमाविसदारांना एकाच शेताचा वसूल देण्याची रयतेला सवय होती. तरीपण चाकरीला जायचे तर नागपूरकडे पाहायचे, हे ठरलेले होते. आता ते पाहणेही परक्याकडे पाहणे झाले.

स्तेंदालच्या एका कादंबरीत वॉटर्लूवर गेलेल्या तरुणाला, आपण पाहिली ती खरोखर लढाई होती की नव्हती, हेच शेवटपर्यंत उमगत नाही. त्या प्रकरणाने युद्धकथेची दिशा बदलली आणि टॉलस्टॉयनेही स्तेंदालचे ऋण मानले. आपल्या शिपायालाही अडगावात फक्त समोरचा धूर व शेजारचा मनुष्य एवढेच दिसले असणार. पण वाचल्यानंतर काय, याचा विचार मराठीत अधिक खोलवर झालेला आहे, असे मला वाटते. पानिपतातून वाचलेल्या कोवळ्या वयाच्या नाना फडणिसांनी आपल्या आत्मचरित्रात पलायनाची व आईच्या वियोगाची हकीकत लिहून ठेवली, ती मराठ्यांच्या वतीने लिहिलेल्या कोणत्याही लढाईच्या वर्णनाहून मनाला अधिक झोंबते. त्याच पानिपताने सदाशिवरावभाऊंचा तोतया जन्मास घातला. आणि भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू शेवटपर्यंत मानला नाही, म्हणून पुण्याचा दरबार कित्येक वर्षे एका प्रेताच्या अभावापायी अस्वस्थ राहिला. १७७६ साली तोतयास देहान्त शिक्षा झाली, तरी लोकांच्या मनातला संशय काही फासावर गेला नाही. ज्याचे मरण कोणी डोळ्यांनी पाहिले नाही, तो कायद्याने व नात्याने अर्धवट जिवंत राहतो, ही गोष्ट कथाबीज शोधणाऱ्याने मनाशी पक्की धरावी. दुसरे उदाहरण अमरावतीचेच. विश्राम बेडेकर येथे जन्मले, आणि त्यांची ‘रणांगण’ (१९३९) ही कादंबरी महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून परतणाऱ्या एका बोटीवर घडते. तिच्यात एकही लढाई नाही. चक्रधर व ज्यू निर्वासित हेर्टा यांच्यामध्ये जे उद्ध्वस्त होते, ते तोफ न डागता होते. आणि तरीही त्या काळच्या मराठी कादंबऱ्यांत युद्धाचा इतका जवळचा चटका दुसरीकडे क्वचितच बसतो.

तेव्हा आपली कथा गावात येऊ द्यावी. शिपाई एकटा गेलेला नसतो. वऱ्हाडातली माणसे चाकरीला जात ती जोडीने, भावकीतल्या किंवा शेजारच्या कोणाचा तरी हात धरून. त्या जोडीदाराची बायको, किंवा आई, पहिल्याच संध्याकाळी अंगणात येऊन उभी राहते. ती रडत नाही, ओरडत नाही; एवढेच विचारते, “तू आला, अन् थो काऊन नाई आला?” या प्रश्नाला खरे उत्तर शिपायाजवळ आहे. जोडीदाराला त्याने दरवाज्यात पडताना पाहिले आहे. कदाचित पडलेला तो अजून श्वास घेत होता, आणि तरीही शिपाई कड्याकडे निघाला. हे उत्तर त्याने लगेच दिले, तर कथा त्याच अंगणात संपते. न दिले, तर ती नुसत्या भित्रेपणाची कथा होते, आणि भित्रेपणावर चाळीस पाने वाचावयास कोणी बसत नाही. येथे त्याला कात्रीत धरणारी दुसरी धार हवी, आणि ती मराठेशाहीच्या दप्तरात मिळते.

लढाईत पडलेल्या शिपायाच्या कुटुंबाला सरकारातून बालपरवेशी मिळण्याची वहिवाट होती. म्हणजे मुले हाताशी येईपर्यंत त्यांच्या पोषणाकरिता काही नेमणूक. त्याशिवाय कित्येक महिन्यांचा थकलेला रोजमुरा असे, कारण हातात वेळेवर पैसे पडलेली फौज त्या काळी औषधालाही सापडत नसे. परंतु ही नेमणूक व ही बाकी मिळावयाची, तर अमका मनुष्य अमक्या ठिकाणी सरकारकामी पडला, असे फडात सिद्ध व्हावयास हवे. आणि गाविलगडावरील हजेरीचे कागद गडाबरोबर गेले असतील, तर डोळ्यांनी पाहणाऱ्या सोबत्याच्या साक्षीवाचून दुसरा पुरावा तो कोणता? दुष्काळाचे वर्ष, घरात दोन मुले, आणि पैसा आहे तो नागपुरास, वर्धेच्या पलीकडे. आपला शिपाई खरे बोलला तर मुले जगतात. पण खरे बोलण्याबरोबर ती बाई विधवा होते, तिचे कुंकू जाते, बांगड्या फुटतात, आणि आजवर वाट पाहण्याचा जो अधिकार तिच्याजवळ होता, तोही तिच्याकडून काढून घेतला जातो. शिवाय कारकून विचारणारच, तू त्या वेळी कोठे होतास? हे बीज पडले, की मग लेखकाने फारसे काही करावयाचे उरत नाही. पात्रे आपापल्या पायांनी चालू लागतात. ती बाईच एखादे दिवशी म्हणेल की जाऊन साक्ष दे. किंवा म्हणेल की देशील तर या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. दोहोंपैकी तिने काय म्हणावे, हे लेखकाने आधी ठरवू नये.

या कथेत पाटील, पांड्या, निजामाचा नवा अंमलदार, नागपूरचा फडनीस अशी माणसे येतील, पण त्यांपैकी कोणालाही खलनायक करण्याचा मोह टाळावा. नागपूर दरबारचे बळ त्या तहाने खचले होते; कटक गेले, वऱ्हाड गेले, नोकरीवरून दूर केलेले स्वार पेंढाऱ्यांना जाऊन मिळत होते, आणि अशा वेळी परमुलखात गेलेल्या एका गावच्या मृत शिपायाची बाकी चुकती करावयास जो फडनीस कां-कूं करतो, तो दुष्ट नसून रिकाम्या खजिन्यावर बसलेला एक चाकर असतो. त्याच दरबारात युद्धानंतर इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून येऊन बसला, तो चोवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन; अडगाव व गाविलगड त्याने वेलस्लीच्या सोबतीने पाहिले होते, आणि पाहिलेले पुष्कळसे लिहून ठेवले होते. कथेत त्याला एखाद्या दुपारी फडाच्या दारावरून घोड्यावर जाऊ द्यावे. दोघांनी एकच दरवाजा एकाच दिवशी पाहिला होता, हे वाचकाला कळले तर उत्तम, शिपायाला कळण्याचे कारण नाही.

निवेदन कोणी करावे, याविषयी मतभेद संभवतो. शिपायानेच सांगावे, असे पहिल्या विचारात वाटते. परंतु वाचलेला मनुष्य आपली हकीकत सांगताना ती प्रत्येक वेळी थोडी आपल्या बाजूला झुकवतो, आणि ते झुकणे वाचकाच्या ध्यानात यावयाचे तर ऐकणारा कोणीतरी हवा. मी असतो तर जोडीदाराच्या थोरल्या मुलाच्या तोंडी ती कथा घातली असती. तो लहानपणी एक हकीकत ऐकतो, मिसरूड फुटल्यावर दुसरी, आणि दोहोंमधील फरक त्याला हळूहळू दिसू लागतो. भाषा वऱ्हाडी ठेवावी, पण संवादांपुरती. पानन् पान ‘काऊन’ आणि ‘थो’ यांनी भरले, की वरूडचा वाचकसुद्धा कंटाळतो.

कथा किती वर्षे चालवावी? इतिहासात एक सोयीचा टप्पा आहे: १८२२ साली नव्या करारान्वये गाविलगड आणि नरनाळाही निजामाकडे गेले, म्हणजे ज्या गडासाठी सगळे घडले, तोही अखेर धन्याचा राहिला नाही. तरुण वयात गडावर असलेला शिपाई तेव्हा चाळिशी ओलांडून गेलेला असेल. तो टप्पा मोठ्या कादंबरीला शोभेल. लघुकथा लिहिणाऱ्याने नागपूरच्या फडात साक्ष लिहून घेण्याच्या प्रसंगावर पडदा टाकावा, असे बहुतेक जण सुचवतील, कारण तो प्रसंग उत्कर्षबिंदूसारखा दिसतो. माझे मत तसे नाही. साक्ष झाल्यानंतरची पाच-सात वर्षे कथेत यावयास हवीत. कारण बालपरवेशीचा पैसा एकदा मंजूर झाला म्हणजे घरपोच येतो असे नाही, तो दरसाल वर्धा ओलांडून, पलीकडच्या सरकारातून, पावतीवर सही-निशाणी करून आणावा लागतो, आणि तो आणावयास त्या घरासाठी जाण्याजोगा पुरुष आपल्या शिपायाशिवाय दुसरा कोणी नाही.